माझ्या रक्ताचा उजेड

टीएसएच जवळपास शून्य आणि टी-फोर वरची रेघ ओलांडून गेलेला. थायरॉईड सुसाट सुटलेल्या पेशंटचा रिपोर्ट असा येतो. नाव बघितलं, तर माझंच.

सांगलीच्या एका लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. रिएजंटचा, म्हणजे टेस्टच्या रसायनांचा, नवा लॉट आला की तो तपासायला मी शिल्लक सॅम्पल्सबरोबर स्वतःचं रक्तही लावतो. घरचं रक्त, हमखास नॉर्मल येणारं. त्या दिवशी बाकी सगळी सॅम्पल्स बरोबर आली. मशीन धुतलं, जुना लॉट लावला, तरी माझं तेच. मशीन ठीक, रसायन ठीक. उरलो मी.

लॅबच्या मालकीण डॉ. चौगुले मॅडम. त्यांनी माझी नाडी बघितली.

"नाडी तर बरी आहे. वजन उतरलंय?"

"वाढलंय, मॅडम."

"हात थरथरतात?"

तोवर थरथरत नव्हते. विचारल्यावर लागले.

"कुठली गोळी चालू आहे?"

"एकही नाही," मी छाती काढून म्हणालो.

मॅडम म्हणाल्या, घाबरू नका, थोड्या दिवसांनी पुन्हा बघू.

संध्याकाळी खोलीवर आलो. बायको गेल्यापासून मी खोलीवरच राहतो. मुलगी लग्न होऊन बंगळूरला. मोबाईल वाजला. 'आपला रिपोर्ट तयार आहे. आपल्या आरोग्याची आम्हाला काळजी आहे.' आमच्याच लॅबचा मेसेज. मजकूर मीच कधीतरी लिहून दिलेला. दिवसभरात आलेला तेवढाच. दोनदा वाचला.

रविवारी मला साताऱ्याला जायचं होतं. तिथल्या विजयाबाई, माझ्यासारख्याच एकट्या. मुलीनं कुठल्याशा विवाह मंडळात माझं नाव घातलं, तिथून ओळख झाली. महिनाभर फोनवर बोलत होतो आणि आता पहिल्यांदा भेटणार होतो. मी फोन लावला. सांगितलं, मला थायरॉईड निघालाय. रोज गोळी गिळून जगणाऱ्या दुखणेकरी माणसानं कुणाच्या गळ्यात पडू नये. तुम्ही माझा नाद सोडा.

त्यांनी ऐकून घेतलं. मग "बरं" आणि फोन बंद.

मला माझाच इतका अभिमान वाटला, की डब्यातली गार भाजी मी मोठ्या त्यागानं खाल्ली.

पुढे दोन दिवसांनी कडेगावचे एक आजोबा थायरॉईडच्या टेस्टला आले. आमच्या काउंटरवर पाटी आहे, 'केसांच्या, नखांच्या गोळ्या घेत असाल तर आधी सांगा.' ती मीच लावलीय. सवयीनं विचारलं, "आजोबा, केसांच्या गोळ्या घेता का?"

त्यांनी टोपी काढली. साफ गुळगुळीत. "आवं, हितं काय हाय का गोळी लागू पडण्याजोगं?" मग माझ्या डोक्याकडे नीट बघत म्हणाले, "तुमी घेता जणू?"

घेत होतो. साताऱ्याला पाठवलेला फोटो जरा जुना होता. त्यातले केस परत आणायला मी बायोटिनच्या गोळ्या मागवल्या होत्या. त्यांना औषध म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आता ही भानगड सोपी करून सांगतो. आमच्या मशीनमध्ये रक्तात बारीक चुंबकी मणी घालतात. टीएसएचला पकडणारी रसायनं त्या मण्यांना बायोटिनच्या हुकानं अडकतात. अडकलं ते राहतं, बाकीचं धुऊन जातं. राहिलेलं चमकतं. काजव्यासारखं, पण इतकं मंद की डोळ्याला दिसत नाही. अंधाऱ्या पेटीतला सेन्सर तो उजेड मोजतो. जितका उजेड, तितका टीएसएच.

आता एसटी आठवा. गाडी लागायच्या आत लोक खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. माझ्या रक्तातल्या गोळ्यांनी मण्यांवरच्या सगळ्या सीटवर रुमाल टाकले होते. खरा टीएसएच फलाटावरच राहिला. उजेड नाही, म्हणून आकडा शून्य. टी-फोरच्या टेस्टचा हिशोब उलटा, उजेड कमी तर आकडा जास्त. दोन्ही मिळून माझा आजार तयार.

गोळ्या बंद केल्या. तीन दिवसांनी रक्त लावलं. नॉर्मल. मॅडमना सांगितलं, तेव्हा त्यांनी आधी पाटी वाचली, मग मला.

मी तसाच जिन्यात जाऊन साताऱ्याला फोन लावला. गोळ्यांसकट सगळं सांगितलं. म्हणालो, "मी खडखडीत आहे. कसला थायरॉईड नि काय. या रविवारी येऊ का?"

"मला थायरॉईड आहे," विजयाबाई म्हणाल्या. "हे होते तेव्हापासून. रोज सकाळी उठले की आधी गोळी. भेटल्यावर सांगणार होते. पण असल्या माणसाबद्दल तुम्हाला काय वाटतं, ते तुम्ही आधीच सांगितलंत."

"अहो, ते मी माझ्याबद्दल म्हणालो होतो."

"तुमच्याबद्दल तर ते खोटं निघालं."

मग त्यांनीच विचारलं, "आणि केस आले का?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. फोन बंद.

तेव्हा, टेस्टला जाताना सगळ्या गोळ्या सांगा, आरशासमोर बसून घेतलेल्याही. आणि विचित्र रिपोर्ट आला तर रिपीट करून बघितल्याशिवाय कुणाला कळवू नका. लॅबमध्ये हा नियम पहिल्या दिवशी शिकवतात. मीच शिकवतो.

नवा लॉट आला की अजूनही माझं रक्त लावतो. नॉर्मल येतं. संध्याकाळी खोलीवर मेसेज येतो, आरोग्याची काळजी असल्याचा. सिस्टिममधून माझा नंबर काढून टाकता येतो. काढलेला नाही.