मनूचा फणस

फणसावर तळहाताने एक थाप मारायची, लगेच कान टेकवायचा, डोळे मिटायचे, आणि भोवतीची पोरं श्वास रोखून उभी राहिली की सावकाश डोळे उघडून म्हणायचं, "अजून नाय हो."

रत्नागिरीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांचा मे महिन्यातला हा रोजचा सकाळचा कार्यक्रम. आळीतली पोरं त्यांना आजोबा म्हणायची आणि पोरांचं ऐकून आम्ही आयाही तेच म्हणायला लागलो. ते "अजून नाय हो" फक्त फणसापुरतं नव्हतं. लाइट आली का? अजून नाय हो. आजींचा राग गेला का? अजून नाय हो. "आजोबा, आता म्हातारे झालात," असं कुणी म्हटलं तरी उत्तर तयारच असायचं.

मी सांगलीकडची. फणस मला माहीत होता तो मुलांच्या तक्त्यावरचा. ऐंशीच्या दशकात यांची बदली रत्नागिरीला झाली आणि आम्ही दोन लहान मुलांना घेऊन या आळीत भाड्याने राहायला आलो. पराग तिसरीत होता, मनू अजून बालवाडीतही जात नव्हती. मे महिना जवळ यायला लागला तशी मला सुट्टीची धास्ती. सुट्टी मुलांना लागते, आईला लागत नाही, हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. उकाड्यात चिकचिकलेली, दर अर्ध्या तासाला "आई, आता काय करू?" विचारणारी दोन मुलं घेऊन दिवस कसा ढकलायचा?

आजोबांनी तो प्रश्न परस्पर सोडवून टाकला होता. परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांच्या अंगणातल्या फणसाखाली आळीतल्या पोरांची रांग लागली. फणसवाटप होतं. आजींच्या जुन्या लुगड्यांचे काठ फाडून आजोबांनी चिंध्या केल्या होत्या. प्रत्येक पोराला एक फणस. त्याच्या देठाला त्याची चिंधी. वाटप उंचीप्रमाणे व्हायचं, म्हणजे मोठ्यांना वरचे, लहानांना खालचे. मनू सगळ्यात लहान, म्हणून तिला अगदी खोडाच्या बुडाशी आलेला, जवळजवळ जमिनीला टेकलेला फणस मिळाला. हिरवी चिंधी. तिने त्याला मिठीच मारली आणि काटे टोचले म्हणून रडली.

वाटपानंतर आजोबा नियम सांगायचे. "पोरांनू, ज्याचा फणस, तो मालक. मालकाच्या हुकमाबिगर सुरी लागणार नाय. पहिला गरा मालकाने काढायचा, पण स्वतः खायचा नाय, दुसऱ्याला द्यायचा. काय समजलात?" पोरं एका सुरात "होय" म्हणायची.

मग काय, आमची सुट्टी मार्गी लागली. उठलं की फणस. परागचा वरच्या फांदीवर होता, त्यामुळे त्याची मान कायम वर. मनू तर फणसाशी संसारच मांडून बसली. त्याला टिकली लावायची, दुपारी ऊन लागतं म्हणून माझा रुमाल त्याच्या डोक्यावर घालायची. एकदा तर भाताचा घास त्याच्या काट्यांना माखून ठेवलेला आणि त्याला ही मुंग्यांची रांग! मी रागावले, तर आजोबा म्हणाले, "ओरडू नका हो तिला. जेवलाय तो. बघा, रात्रीत केवढा वाढलाय."

आजोबा कोर्टात बेलीफ होते. नोटिसा, समन्स, जप्त्या घेऊन सगळा तालुका त्यांनी पायी आणि एस्टीने पालथा घातला होता. एकदा गप्पांच्या ओघात मला म्हणाले, "जन्मभर लोकांच्या दारावर थाप मारली, वहिनी. मला बघून एक माणूस कधी हसला नाय. बाप्ये मागच्या दाराने पळायचे, बायका पोरांना आत घ्यायच्या. आता फणसावर थाप मारतो तर ही पोरं धावत येतात." एवढं बोलून ते स्वतःच खूश होऊन हसले आणि चहा मागितला.

आता एवढ्या थाटात कान लावायचे म्हणजे त्यांचा अंदाज अचूक असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! एके वर्षी परागच्या फणसाला शिडीवर चढून त्यांनी थाप मारली, कान लावला, "अजून नाय हो" म्हणाले, आणि त्याच दुपारी तो फणस न्हाणीघराच्या पत्र्यावर असा कोसळला की आत आंघोळ करणाऱ्या आजी किंचाळत बाहेर आल्या. "हे तुमचं ऐकणं!" आजी कडाडल्या. आजोबा शांतपणे म्हणाले, "मी पिकला नाय म्हटलं. पडणार नाय असं कुठे म्हटलं?"

नियमाला मात्र ते पक्के. एका सुट्टीत कोपऱ्यावरच्या घरातल्या मुलाला कांजिण्या आल्या. त्याचा फणस पिकून आळीभर वास सुटला, पण मालक खोलीत. आळीतले बाप्ये येऊन सांगून गेले की कापून टाका, फुकट जाईल. आजोबा ढिम्म हलले नाहीत. पोरगा उठून बाहेर आला तोवर फणसाचा अर्धा लगदा झालेला. आजोबांनी हाताला खोबरेल चोपडून त्यातले धड गरे शोधून काढले आणि पहिला त्याच्या हातात ठेवला. त्या पोराने तो कुणाला द्यावा? आजोबांना. आजोबांनी तो आंबूस गरा डोळे मिटून, "अमृत हो, अमृत" म्हणत खाल्ला.

आमच्या तिसऱ्या मे महिन्यात यांच्या बदलीचा हुकूम आला. धुळे. हे पुढे जाऊन हजर झाले. घर मिळालं की येऊन आम्हाला आणि सामानाला न्यायचं ठरलं. पराग दोन दिवस फुगून बसला आणि मग धुळ्यात क्रिकेट खेळतात असं कळल्यावर निवळला. मनूचं तसं नव्हतं. ती आता सहा वर्षांची होती आणि या आळीच्या आधीचं तिला काहीच आठवत नव्हतं. "मी नाही येणार," एवढंच म्हणायची. रात्री झोपेतसुद्धा हुंदके द्यायची. शेवटी एकदा मी भांडी बांधता बांधता बोलून गेले, "बरं बाई, तुझा फणस पिकल्याशिवाय नाही निघायचं. झालं?"

हुंदके थांबले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती आजोबांच्या अंगणात. थाप, कान, मिटलेले डोळे. "अजून नाय हो." मनू उड्या मारत घरी आली.

मला वाटलं, पोर आशेने वाट बघतेय. तिला तो पिकायलाच नको होता, हे कळायला मला दोन-तीन दिवस लागले. आजोबांना ते पहिल्याच सकाळी कळलं असणार. कारण नंतर त्या फणसाचा रंग बदलला, काटे पसरले, माश्या घोंगावू लागल्या, मी इकडे ओट्याशी उभी असले तरी वास यायचा. आणि आजोबा रोज सकाळी त्याच गंभीरपणे कान लावून सांगायचे, "अजून नाय हो." आळीतली पोरं नाक मुरडून एकमेकांकडे बघायची, पण आजोबांच्या तोंडावर खोटं कसं म्हणणार?

हे आले. उद्या सकाळी टेम्पो, असं ठरवूनच आले. फाटकातून आत शिरताच यांनी हवा हुंगली. "काय हो आजोबा, फणस पिकलेला दिसतोय. घमघमाट सुटलाय."

"तो मागल्या झाडाचा," आजोबा म्हणाले.

मागे झाड नव्हतं. मागे विहीर होती. हे माझ्याकडे बघायला लागले आणि मी पदराने तोंड झाकून घरात पळाले. हसू येत होतं, आणि रडूही. मुलीला शब्द मी दिला होता आणि तो त्या म्हाताऱ्याने आपल्या कानावर घेतला होता.

संध्याकाळी आजोबांनी मनूला हाक मारली. मी कुंपणापाशी उभी होते. ते फणसाजवळ उकिडवे बसले आणि तिला म्हणाले, "ये गो बाय. आज मला काय नीट ऐकू येत नाय. मालकीण तू. तूच बघ."

मनूने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग तिने थाप मारली. कान टेकवला, डोळे मिटले. बराच वेळ ती तशीच बसून राहिली. आजोबा तिच्याकडे बघत नव्हते, खाली मातीत काडीने रेघा ओढत होते.

"पिकलाय," मनू म्हणाली.

"बघ हो, नक्की?"

"पिकलाय आजोबा. कापा."

फणस कापला, तिने पहिला गरा काढला आणि त्यांच्या तोंडात घातला. त्या संध्याकाळी आळीभर गरे वाटत फिरताना ती एकदाही रडली नाही. सकाळी टेम्पोत बसतानाही नाही. सगळी आळी निरोपाला आली, फक्त आजोबा फाटकाशी आले नाहीत. ते फणसाखाली पाठमोरे उभे राहून कुठल्या तरी पोराच्या फणसावर उगाच थापा मारत होते.

रत्नागिरीला पुन्हा जाणं झालं तेव्हा मनू सातवीत गेली होती. तीही मे महिन्याचीच सुट्टी. एका नातेवाइकांच्या लग्नाला आलो होतो, संध्याकाळच्या एस्टीने परत निघायचं, तिकिटं काढलेली. दुपारी तासभर म्हणून आळीत गेलो. आजोबा आदल्या पावसाळ्यात गेले होते. आम्हाला कुणी कळवलंच नव्हतं. मनूने माझा हात घट्ट धरला. आजी वाकल्या होत्या, पण झाडावर चिंध्या होत्या. "यांनी नेम कधी मोडलानी नाय. आता मी बांधते," आजी म्हणाल्या. खोडाच्या बुडाशी एक फणस होता. पिवळसर, काटे पसरलेला, माश्या घोंगावणारा. त्याच्या देठाला हिरवी चिंधी.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"हिचाच. दर वर्षी बांधायचे. मालकीण नाय, म्हणून सुरी लागू द्यायचे नायत. पडून फुकट जायचा आणि मी ओरडायची."

मनू गुडघे टेकून बसली. थाप मारली. कान लावला. उठायला तिने इतका वेळ लावला की मी पुढे होऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिचे डोळे भरून आले होते.

"अजून नाय हो," ती म्हणाली.

अंगणभर वास सुटला होता. आजींनी माझ्याकडे पाहिलं, पदराने डोळे पुसले आणि हसून म्हणाल्या, "मग राहा गो दोन दिवस."

संध्याकाळची एस्टी आमच्याशिवाय गेली.