तंबूच्या दारात खाकरणारा

माझा आतेभाऊ खेळात माणसं मारायचा ती कधीच समोरून मारायचा नाही, आणि वर त्याला नियम म्हणायचा. या गोष्टीला वीसेक वर्षं झाली. अजूनही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. घरचे म्हणतात, खेळच होता तो. खेळच होता, म्हणून तर राग येतो.

तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता. सुट्टीत सेनगावला आमच्याकडे, म्हणजे त्याच्या आजोळी यायचा. येताना एका इंग्रजी पुस्तकाची स्पायरल बाइंडिंगची झेरॉक्स आणि वीस बाजूंचा एक फासा आणायचा. खेळ असा की एकानं गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडानं सांगायचं. राक्षस, किल्ले, जादूगार, सगळं बोलण्यातच. एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं. गोष्ट अर्थातच तो चालवायचा. पुस्तक त्याचं, फासा त्याचा, इंग्रजीही त्याचंच. वासरात लंगडी गाय शहाणी.

खेळणारे आम्ही तिघं, हिंगोलीच्या कॉलेजात एका वर्गातले, एकाच जीपला लटकून जाणारे. एक मी. दुसरा टेलरचा मुलगा. शुक्रवारी नमाजच्या वेळेला त्यांचं दुकान बंद व्हायचं ते संध्याकाळीच उघडायचं, म्हणून आम्ही आत कापड कापायच्या टेबलाभोवती बसायचो. तिसरा तांड्यावरचा. तो सायकलवर यायचा, कमी बोलायचा, आणि आमच्या तिघांत हा खेळ सगळ्यात जास्त त्याच्या अंगात भिनला होता. त्याचं पात्र टेहळ्याचं. पुढं जाऊन चोरपावलांनी बघून यायचं, हे त्याचं काम.

आता आतेभावाचा न्याय ऐका. आम्ही खिंडीतून चाललोय, इतक्यात तो म्हणायचा, "झाडीतून दहाजण निघाले. बाण मारले. तुम्ही तिघंही जखमी."

"आमाला दिसले काहून न्हाईत?"

"लपले होते म्हणून."

संपलं. आम्ही कसे चाललो होतो, पुढं कोण होतं, कुणाचं लक्ष कुठं होतं, काही विचारणं नाही. दबा धरून बसलेला माणूस झाला तरी त्याचा काहीतरी माग लागतोच. चिखलात पाऊल उमटतं, पाखरं एकदम उठतात, कुठंतरी घोडं फुरफुरतं. ऐकणाऱ्याला ती संधी द्यायची आणि तरी तो गाफील राहिला तर मग मारायचं. त्यात मजा आहे. नुसतं "तुम्ही मेलात" म्हणायला फासा तरी कशाला लागतो?

आणि दबा आम्ही धरला की सगळं उलटं. एकदा आम्ही एक तिठा निवडला, आपल्या वारंगा फाट्यासारखा. कोण कुठं लपेल, दोर कुठं बांधायचा, इशारा कोण देईल, याची आखणी करण्यात अख्खी दुपार घालवली. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "शत्रू दुसऱ्या रस्त्यानं गेला." आम्ही लपलो की पायाखाली वाळकं पान वाजणार, त्याचे दरोडेखोर लपले की त्या रानात पानच नाही. आपला तो बाब्या. फासासुद्धा तो कॅलेंडरच्या पुठ्ठ्याआड टाकायचा आणि आकडा आपल्या मनात ठेवायचा.

तरी आम्ही खेळत राहिलो, कारण गोष्ट गुरांची होती. दरोडेखोरांनी एका गावाची सगळी गुरं वळवून नेली होती. ती सोडवून आणायची होती. टेहळ्यानं दिवाळीची सुट्टी आणि त्यानंतरचा अख्खा उन्हाळा त्यांचा माग काढण्यात घालवला होता. जो मेला त्यानं पुढच्या सुट्टीपर्यंत खेळायचं नाही, असा आतेभावाचा नियम होता. म्हणजे टेहळ्या मेला की गुरंही गेली आणि तांड्यावरचा मित्रही टेबलावरून उठला.

शेवटी छावणी सापडली. टेहळ्या एकटा आत निघाला. कुत्री टाळली, पहारेकरी टाळले. फासा प्रत्येक वेळी त्याच्या बाजूनं पडला, आणि तो आमच्यासमोर पडला, कारण त्या दिवशी तरी पुठ्ठा बाजूला ठेव म्हणून आम्ही भांडलो होतो. गुरं कोंडलेल्या वाड्याच्या फाटकाची चावी सरदाराच्या तंबूत होती. टेहळ्या तंबूच्या दाराशी पोचला.

"पडदा आहे," आतेभाऊ म्हणाला. "काय करतोस?"

"आधी खाकरतो."

"काय करतोस?"

"खाकरतो. आत बायामाणसं असली तर?"

आमच्याकडं ही रीतच आहे. मिसरूड फुटलेला माणूस कुणाच्या अंगणात पाय टाकण्याआधी खाकरतो. आतल्या बायका पदर सावरतात, मग तो आत जातो. हे कुणी कुणाला शिकवत नाही. माझा मित्र त्या क्षणी दुकानात बसलेला नव्हताच, खरोखर त्या तंबूच्या दारात उभा होता, आणि दारात उभं राहिल्यावर माणूस जे करतो ते त्यानं केलं.

आतेभाऊ मांडीवर थापा मारत हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "चोर खाकरून आत जातो! हे हॉस्टेलवर सांगायलाच पाहिजे." मग डोळे पुसले आणि म्हणाला, "पहारेकरी धावले. भाले खुपसले. मेलास."

"फासा टाक," मी म्हणालो.

"कशाला? त्यानं स्वतःच आवाज केला."

"दादा," मी म्हणालो, "चोर कधी खाकरतो का? खाकरणारा घरचाच असणार असं वाटंल ना पहारेकऱ्याला. तो मान वळवून बघणार पण न्हाई."

"बराबर बोलून राहिला तो," टेलरचा मुलगा म्हणाला. "फासा तर टाकायलाच पायजे."

खरं सांगतो, त्या अख्ख्या खेळात त्यापेक्षा हुशार डाव कुणी टाकला नव्हता, भले तो डाव म्हणून टाकलेला नसेल. पण आतेभावाला न्याय करायचा नव्हता. त्याला हॉस्टेलवर सांगायला किस्सा मिळाला होता. त्यानं टेहळ्याच्या कागदावर फुली मारली.

"जाऊ द्या," मित्र म्हणाला. "माझीच चूक झाली." आणि तोही हसला. त्याच्या त्या हसण्यानं मला जास्त लागलं. काय चूक होती त्याची? परक्याच्या दारात माणसासारखा वागला, ही?

सुट्टी संपली, आतेभाऊ पुस्तक आणि फासा घेऊन गेला. मी म्हणालो, खड्ड्यात गेलं पुस्तक, आता गोष्ट मी चालवतो. दोऱ्याच्या रिळांच्या डब्यात आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. दबा धरला तर आधी काहीतरी चाहूल द्यायची आणि चिठ्ठी सगळ्यांसमोर उघडायची, असे नियम मी केले. टेहळ्याला कुणालाही न विचारता जिवंत केला. मित्र दोन-तीनदा बोलावल्यावर आला.

मी त्याला परत त्याच तंबूच्या दारात आणून उभं केलं. माझी सगळी तयारी होती. तो खाकरणार, पहारेकरी मान न वळवताच म्हणणार, "या सरदार." आठवडाभर मी त्या एका वाक्यावर खूश होतो.

"पडदा आहे," मी म्हणालो. "काय करतोस?"

तो टेबलावरच्या खडूच्या रेघांकडं बघत बसला. मग म्हणाला, "मागच्या बाजूनं तंबू फाडतो. गुपचूप आत शिरतो."

"आत बायामाणसं असतील." गोष्ट चालवणाऱ्यानं असं सुचवायचं नसतं, तरी मी म्हणालो.

"असू दे. खाकरलं की हसतेत."

चिठ्ठी मोठ्या आकड्याची निघाली. नियम माझेच होते, मोडणार कसे? चावी मिळाली, फाटक उघडलं, गुरं सुटली. टेलरच्या मुलानं त्याला मिठी मारली. मित्र पहिल्यांदाच मोकळा हसला, मला म्हणाला, "आता बराबर खेळलो न?"

मी व्हय म्हणालो, आणि मला ते टेबल उलथून टाकावंसं वाटलं.