खिडकी थांबवणाऱ्या भाभी

भाभींचं हसू भोरच्या एसटी स्टँडपर्यंत ऐकू जायचं. त्यांच्या कॉम्प्युटर क्लासात कुणाचं काही चुकलं, की त्या आधी पोटभर हसायच्या, ओढणीच्या टोकानं डोळे पुसायच्या आणि मग शिकवायला बसायच्या. मी क्लास लावल्यापासून ते टोक कधी कोरडं राहिलं नाही.

मी शाळेतला कारकून, चाळिशीकडे झुकलेला. त्या माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळा क्लास भाभी म्हणायचा म्हणून मीही म्हणू लागलो. हेडमास्तरांनी सांगून ठेवलं होतं, "ज्याला कॉम्प्युटर येईल तो भोरला राहील. नाहीतर वेल्ह्याकडची शाखा आहेच." आईचं सगळं औषधपाणी भोरला. त्यामुळे मी त्या यंत्रापुढे देवापुढे बसावं तसा बसायचो; फरक इतकाच, की देवापुढे मला एवढा घाम येत नाही.

मुलांची नावं फ्लॉपीवरून कॉम्प्युटरवर उतरवायची, एवढंच काम. त्याचे हुकूम एका फाईलीत लिहायला भाभींनी शिकवलं. त्या फाईलीवर दोनदा टिचकी मारली, की काळी खिडकी उघडायची, पांढरी अक्षरं चमकायची आणि मी चष्मा सावरेपर्यंत खिडकी गायब! काम झालं की फसलं, देव जाणे.

मग मी डोकं चालवलं. एका रविवारी बायकोलाच क्लासात घेऊन गेलो. वरच्या ओळी मी वाचायच्या, खालच्या तिनं. टिचकी मारली. खिडकी आली, गेली.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"एक सी दिसला बघा. तुमचं काय?"

"मी तुझ्याकडं बघत होतो, वाचतेस का ते."

"घ्या! म्हंजी वरचंबी म्याच वाचायचं व्हतं व्हय?"

दारात उभ्या असलेल्या भाभी हसता हसता खाली बसल्या. "भाऊ, उद्या शेजाऱ्यांनापण आणा, एकेक ओळ वाटून द्या! अहो, तुम्ही त्याला काम सांगितलं. थांब म्हणून सांगितलं का?"

त्यांनी फाईलीच्या शेवटी माझ्याकडून 'पॉज' एवढा एक शब्द लिहून घेतला. आता बटण दाबेपर्यंत खिडकी जागची हलेना. आत स्वच्छ लिहिलं होतं, फाईल सापडत नाही. आठवडाभर मी भलतीच फ्लॉपी घालत होतो.

"चूक पळून गेली, की माणसाला आपण हुशार वाटतो," भाभी म्हणाल्या.

हेडमास्तरांसमोर प्रयोग करायच्या दिवशी मी पुन्हा भलतीच फ्लॉपी घातली. खिडकी ऐसपैस उघडी, आणि सर चष्मा वर करून वाचतायत.

"हे काय लिहिलंय?"

एरवी मी "झालं, सर" म्हणून मोकळा झालो असतो. पण पुरावा समोर उभा. "फ्लॉपी चुकली, सर," म्हणालो, ती बदलली आणि पुन्हा टिचकी मारली. नावं उतरली.

"चूक तुमची तुम्हाला कळली ना? मग राहा हितंच," सर म्हणाले.

मी धावतच क्लासात गेलो. भाभींच्या मालकांची सोलापूरला बदली झाल्याचं ठाऊक होतं. पण दाराशी सामानानं भरलेला टेम्पो उभा असेल, हे नव्हतं. भाभी पुढच्या सीटवर बसलेल्या.

"भाभी, राहिलो भोरला!"

"बघा! तुम्ही राहिलात, आम्ही निघालो," त्या म्हणाल्या, आणि या वेळी हसल्या नाहीत. मालक गाडीच्या दोऱ्या तपासत होते. निरोपाचं काही बोलायला तेवढाच वेळ होता. तेवढ्यात मी त्यांना फ्लॉपी कशी बदलली ते पहिल्यापासून सांगायला घेतलं. टेम्पो सारोळ्याच्या रस्त्याला लागला, तेव्हा मी अजून दुसऱ्या टिचकीपाशीच होतो.