खरखरणारं रीळ

मास्तरांनी आयुष्यात एकाही मुलाला शिकवलं नव्हतं. गळाच्या काठीची रिळं दुरुस्त करणारा माणूस, पण बंदराच्या रस्त्यावर त्यांना दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नसे. दोन रिळं पुढ्यात ठेवून "कोणतं घेऊ?" विचारलं, की ते डोळे मिटत, एकेकाचं हँडल फिरवत आणि निकाल देत. डब्यावर काय छापलंय, आत किती बेअरिंग आहेत, याला ते काडीची किंमत देत नसत. "डब्याला मासा लागत नाही," म्हणत. ज्याचं फिरणं बोटांना जाणवतच नाही ते रीळ उत्तम, हा त्यांचा एकच कायदा.

गेल्या आठ महिन्यांत मात्र त्या बोटांनीच दगा दिला होता. मधुमेहानं शेंडे बधिर झाले होते. मास्तरांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. कानानं, अंदाजानं वेळ मारून नेत होते. लबाडीच होती ती, दुसरा शब्द नाही. पण बोटं गेली तर मागे काय उरतं, या भीतीनं त्यांची झोप उडाली होती.

एका सकाळी एक बाई दोन रिळं घेऊन आल्या. एक नवंकोरं, एक नवऱ्याचं जुनं. नवरा बसचा निवृत्त ड्रायव्हर. अर्धांगाच्या झटक्यानंतर डावा हात अर्धामुर्धाच परतलेला.

"गळ टाकून एकदाच बघतो म्हणालेत," बाई म्हणाल्या. "नाही जमलं तर काठी कुणालातरी देऊन टाक म्हणे. दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात हो. यातलं चांगलं कोणतं, तेवढं सांगा."

मास्तरांनी डोळे मिटले. जुनं रीळ खरखरलं. ते बधिर बोटांनाही कळलं. नवं फिरवलं. काहीच नाही. आता हा रिळाचा गुण की बोटांचा दोष, हे त्यांना ठरवता येईना. 'नवं घ्या' म्हणायला काय जातं? कुणीही तेच म्हटलं असतं. पण भिंतीकडे तोंड करून पडलेला तो माणूस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"वहिनी, मला कळत नाही," ते म्हणाले. "माझी बोटं मेलीत. त्यांनाच घेऊन या."

बोलून गेले आणि मान वर करायची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर बायकोच्या खांद्याला धरून आले. मास्तरांनी नवं रीळ काठीला लावून दिलं. ड्रायव्हर डाव्या हातानं फिरवू लागले, पण नजर हातावर खिळलेली. मान वर केली की हात थांबे.

"फिरतंय का नाही, ते बघावं लागतं. मग मासा कधी बघायचा?" ते म्हणाले आणि काठी खाली ठेवू लागले.

"थांबा," म्हणत मास्तरांनी जुनं लावलं.

खर्र, खर्र. ड्रायव्हरांनी मान वर करून दाराबाहेर पाण्याकडे पाहिलं. हात चालूच राहिला.

"हे कळतंय," ते म्हणाले. "पार मनगटापर्यंत कळतंय."

बाईंना आनंदानं काय करू नि काय नको झालं. "मग जरा तेल घालून द्या ना, खरखर तरी जाईल."

"तेवढं सांगू नका," मास्तर घाईघाईनं म्हणाले.

ड्रायव्हर फिरवतच होते. "तुमच्या बोटांचं हिनं सांगितलं. कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"घरी माहीत आहे?"

मास्तर नवं रीळ फडक्यानं पुसू लागले.

"हाताला मुंग्या आल्यात, जातील, म्हणत मीही दोन दिवस हिला सांगितलं नव्हतं," ड्रायव्हर म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, पहिल्याच दिवशी आला असता तर हात पूर्ण वाचला असता."

ते दोघं गेल्यावर मास्तरांनी भर सकाळी शटर ओढलं आणि घरचा रस्ता धरला.