व्याह्यांच्या कचेरीतली जप्ती

वैजनाथराव देवणीकर दाराची बेल एकदाच वाजवत. मग दोन पावलं मागे सरून, चपला काढून, हात जोडून उभे राहत. दार उघडणाऱ्याला वाटे, कुठल्या तरी देवस्थानची वर्गणी मागायला कोणी आलंय.

"नमस्कार. थोडा त्रास देतोय," ते म्हणत. "मी कोर्टाकडून आलोय. आपला फ्रीज न्यायचा आहे."

शिवाजीनगरच्या कोर्टात ते बेलिफ होते. कोर्टाने निकाल दिला आणि हरलेल्या माणसाने तो पाळला नाही, की त्याच्या दारात जाऊन सामान जप्त करायचं, हे बेलिफाचं काम. शिव्या खाण्याची नोकरी. पण वैजनाथरावांच्या वाट्याला शिव्या फार आल्या नाहीत. कसब्यातल्या एका गृहस्थांचा टीव्ही त्यांनी उचलून नेला होता. पुढे त्याच गृहस्थांनी मुलाच्या मुंजीचं आमंत्रण दिलं. वैजनाथराव गेले, आहेर केला, पोटभर जेवले आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या टीव्ही-स्टँडकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

एक नियम मात्र त्यांनी कधी मोडला नाही. जिथे जप्ती करायची तिथे पाण्याशिवाय काही घ्यायचं नाही. चहासुद्धा नाही. "चहा प्यायला की माणूस ओशाळतो," ते म्हणत, "आणि ओशाळलेल्या माणसाला कपाट उचलवत नाही."

"बाहेर सगळ्यांशी एवढं गोड बोलता," त्यांची बायको शालूताई म्हणे, "घरात कधी 'त्रास देतोय' म्हणालात का मला?"

"तुझं काही जप्त करायचं असेल तेव्हा म्हणेन."

लातूरकडून ते पुण्यात आले तेव्हा हडपसरला जागा घेतली, कारण पगारात तेवढंच बसत होतं. तेव्हा गॅलरीतून ऊस दिसायचा. आता तिथे काचेच्या इमारती उभ्या होत्या आणि त्यांतल्याच एकीत त्यांची मुलगी उत्कर्षा कॉम्प्युटरवर अमेरिकेतल्या कुठल्याशा बँकेचं काम करत होती. तिचा पगार वैजनाथरावांहून जास्त होता. बापाला त्याचा अभिमान होता आणि थोडी भीतीही वाटत होती. चार स्थळांना तिने नाही म्हटलं होतं. पाचव्याच्या वेळी तिने स्वतःच येऊन सांगितलं.

"बाबा, ऋषी म्हणून आहे. आमच्याच कंपनीच्या बसला असतो. आमचं ठरलंय. आता फक्त तुम्हा मोठ्या लोकांची फॉर्मॅलिटी राहिलीय. आणि हे नाही जमलं तर प्लीज मला पुन्हा कुणी विचारू नका."

हे ती हसत म्हणाली, पण वैजनाथरावांनी तिचा चेहरा नीट पाहिला. हल्ली ती भांडी विसळतानासुद्धा गुणगुणत असे. लहानपणानंतर हा आवाज घरात पहिल्यांदाच ऐकू येत होता. तो बंद पडू द्यायचा नाही, एवढं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

मुलाकडची मंडळी रविवारी यायची ठरली. दोन्ही घरांनी एकमेकांना माहितीपत्रकं पाठवली होती. शालूताईंनी लिहिलं होतं, 'वडील न्यायखात्यात.' तिकडून आलं होतं, 'वडील शासकीय सेवेत, जबाबदारीच्या पदावर.' ते वाचून वैजनाथरावांनी नवा सदरा शिवायला टाकला. तिकडे मुलाच्या वडिलांनीही, न्यायाधीशांच्या घरी जायचं म्हणून, सफारीला इस्त्री करून आणली होती, हे त्यांना नंतर कळलं.

आणि शुक्रवारी त्यांच्या हातात हिंदुरावांचं वॉरंट पडलं.

हिंदुराव वाघोलीचे. त्यांच्या घराजवळच्या चढावर एका सरकारी खात्याचं रस्त्याचं काम चाललं होतं. एका दुपारी तिथला रोड रोलर कुणी न चालवताच निघाला. घाई न करता उतरत आला, हिंदुरावांच्या अंगणात शिरला, नवा ओटा आणि पुढची भिंत घेऊन माजघराच्या उंबऱ्याशी थांबला. माणसं सगळी शेतावर होती म्हणून वाचली. हिंदुरावांनी सरकारवर दावा लावला.

सरकारने कोर्टात आधी सांगितलं की रोलर आमचा नाही. मग सांगितलं की आमचा आहे, पण ड्रायव्हर जेवायला गेला होता. म्हणजे रोलर कुणीच चालवत नव्हतं. म्हणजे निष्काळजीपणाही कुणीच केला नाही. शेवटी सांगितलं की रस्ते करणं हे सरकारचं सार्वभौम काम आहे आणि त्यात कुणाचं काही मोडलं तर सरकारवर दावा चालत नाही.

"सार्वभौम म्हंजी काय हो?" हिंदुरावांनी आपल्या वकिलांना विचारलं.

"म्हणजे राजासारखं. राजाला कोणी जाब विचारत नाही."

"बरं. पर राजानं बी उतारावर ब्रेक लावाय नगं का?"

कोर्टाचंही साधारण हेच मत पडलं, फक्त ते पुष्कळ पानांत पडलं. रस्त्याचं काम कोणी ठेकेदारही करतो, त्यात राजेपणाचं काही नाही. भिंतीची भरपाई द्या, असा निकाल झाला. सरकारने दिली नाही. सरकारला अशा वेळी तीन महिन्यांची सवलत असते. तीही संपली. वर आणखी महिने गेले आणि कोर्टाने त्या खात्याच्या कार्यालयातल्या सामानावर जप्ती काढली.

शुक्रवारी दुपारी वैजनाथराव तिथे पोचले. हिंदुराव टेम्पो आणि चार हमाल घेऊन आधीच फाटकात उभे होते. जप्तीची गाडी-माणसं दावा जिंकणाऱ्यानेच आणायची असतात. वैजनाथरावांनी समोरच्या रिक्षा स्टँडवरून दोन पंच गाठले, चपला नेहमीप्रमाणे दाराबाहेर काढल्या आणि आत जाऊन हात जोडले.

"नमस्कार. थोडा त्रास देतोय. कोर्टाकडून आलोय. आपलं सामान न्यायचं आहे."

साहेब साइटवर गेले होते. कचेरीत दहा-बाराजण होते. एका क्षणात ती सगळी माणसं जागी झाली.

"पंखा न्यायचा नाही हं," खिडकीजवळच्या बाई म्हणाल्या. "तो माझ्या भावाने दिलाय."

"घड्याळ माझं आहे."

"ते कपाट मी घरून आणलंय. आमच्या घरी जागा नव्हती."

आजवर त्या कचेरीत कुठलीही वस्तू बिघडली की 'सरकारी आहे, आपल्याला काय' एवढंच ऐकू येई. आता दहा मिनिटांत पाण्याच्या पिंपापासून कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत सगळ्याला मालक मिळाले.

"उत्तम," वैजनाथराव म्हणाले. "खासगी वस्तूंना मी हात लावणार नाही. मालकांनी फक्त इथे सही करायची, की ही वस्तू माझी असून मी ती सरकारी कचेरीत ठेवली आहे."

खासगी वस्तू कचेरीत ठेवायला परवानगी लागते, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पंख्याच्या बाईंनी वर पाहिलं.

"भावाने दुसरा दिला होता वाटतं," त्या म्हणाल्या. "हा सरकारीच असेल."

तेवढ्यात आतल्या दालनातून एक गृहस्थ बाहेर आले. मुख्य कारकून. डोळ्यांवर चष्मा, खिशाला तीन पेनं.

"कोण आहे? कसली जप्ती? आम्ही सरकार आहोत."

"हो, म्हणूनच आलो," वैजनाथराव म्हणाले. "पंचनाम्यात लिहायला आपलं नाव?"

"दिगंबर वडवणीकर."

वैजनाथरावांचं पेन थांबलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

"ऋषीचे वडील?"

"हो. आपण?"

"देवणीकर. उत्कर्षाचा बाप."

दिगंबररावांनी समोरच्या माणसाकडे खालून वर पाहिलं. पाय अनवाणी, हातात वॉरंट.

"आपण न्यायखात्यात ना?"

"हेच ते खातं. आणि आपण जबाबदारीच्या पदावर ना?"

"साहेब नसले की सगळी जबाबदारी माझीच," दिगंबरराव म्हणाले, आणि मग त्यांना या वाक्याचा आजचा अर्थ कळला.

त्यांनी घाईने वैजनाथरावांना खिडकीशी नेलं आणि शिपायाला चहा सांगितला. "हे पाहा, आता आपण व्याही होणार. परवा आम्ही तुमच्याकडे येतोय. सोयरीक व्हायच्या आधी व्याह्याने व्याह्याची कचेरी रिकामी करायची, हे शोभतं का? तुम्ही लिहा ना, की कार्यालय बंद होतं. नाहीतर असं करा, सोमवारी दुसऱ्या कुणाला पाठवा."

वैजनाथरावांच्या कानात भांडी विसळण्याचा आवाज आला आणि त्यामागचं ते गुणगुणणं. 'कार्यालय बंद होतं.' तीनच शब्द. कुणी विचारणार नव्हतं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. हिंदुराव टेम्पोला टेकून हमालांना तंबाखू देत होते. वाघोलीहून ते पहाटेच निघाले होते.

चहा आला. वैजनाथरावांनी कप हळूच बाजूला सरकवला.

"दिगंबरराव, आपण अजून व्याही झालो नाही. रविवारी झालो, तर सोमवारी हे वॉरंट मला घेता येणार नाही. मी आपण होऊन दुसऱ्याला देईन. पण आज शुक्रवार आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आज आपण नुसतेच सरकार आहात. चहा मात्र रविवारी आमच्याकडे घ्या."

मग ते मागे वळून हमालांना म्हणाले, "साहेबांची खुर्ची आधी. सांभाळून, चाकं आहेत."

सगळं व्यवस्थित झालं. साहेबांची फिरती खुर्ची, पाच साध्या खुर्च्या, पंखा, कपाटं गेली. शेवटी दिगंबररावांचं टेबल उरलं. वैजनाथरावांनी त्यावरची काच, देवाची तसबीर आणि औषधाच्या गोळ्या आपल्या हातांनी उचलून खिडकीत मांडून ठेवल्या. टेम्पो निघाला तेव्हा दिगंबरराव रिकाम्या खोलीच्या मधोमध, हाताची घडी घालून उभे होते.

घरी उत्कर्षा डोकं धरून बसली. "बाबा! तुम्ही माझ्या होणाऱ्या सासऱ्यांचं टेबल उचललंत?"

"सरकारचं."

"त्यांच्यासमोर?"

"पाठीमागे कसं उचलणार? पंचनामा असतो."

शालूताईंनी रविवारच्या पोह्यांसाठी आणलेल्या कोथिंबिरीची जुडी फ्रीजमध्ये ठेवली, पुन्हा बाहेर काढली आणि पुन्हा आत ठेवली. शनिवारी तिकडून फोन आला नाही. इकडून कुणी करायचा यावर घरात वाद झाला आणि कुणीच केला नाही. उत्कर्षा गुणगुणत नव्हती.

रविवारी मंडळी आली. सफारीतले दिगंबरराव, त्यांच्या पत्नी पूर्णिमाताई, आणि मागे ऋषी. तो उत्कर्षाकडे पाहून खांदे उडवत होता. नमस्कार झाले. पोहे आले. खडकवासल्याच्या पाण्यावर बोलून झालं, हडपसरच्या रहदारीवर बोलून झालं.

दिगंबररावांनी बशी खाली ठेवली. खिशातून पंचनाम्याची प्रत काढली.

"एक विचारायचंय. माझ्या टेबलाच्या वर्णनात तुम्ही लिहिलंय, 'जुने, डगमगते'. जुनं आहे, हे मान्य. पण ते डगमगत नाही. मी त्याच्यावर आजवरची नोकरी केली."

शालूताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. उत्कर्षाने पाहिलं. ऋषीसुद्धा भुवया उंचावून 'सोडून द्या' असं सुचवत होता. टेबल डगमगत नाही, एवढं म्हणून टाकायचं होतं. त्याने कुणाचं काय बिघडणार होतं?

"मी हात ठेवून पाहिला होता," वैजनाथराव म्हणाले. "डगमगत होतं."

शालूताईंनी डोळे मिटून घेतले.

"कधी पाहिला?"

"टेम्पोत."

"टेम्पोत!" दिगंबरराव सोफ्याच्या कडेवर आले. "अहो, टेम्पोत डगमगणारच. त्याच्या डाव्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी ठेवलेली असते. ती कचेरीतच राहिली. मी स्वतः उचलून ठेवलीय."

वैजनाथराव विचारात पडले.

"मग टेबल जागेवर असताना पाहायला हवं होतं," ते अखेर म्हणाले. "चूक माझी. वर्णन बदलायला हवं. उद्या आपण एक अर्ज द्या, मी माझं म्हणणं त्याला जोडतो."

"देतो," दिगंबरराव म्हणाले. पण ते मागे टेकून बसले होते आणि त्यांच्या आवाजातला ताठा उतरला होता. "तशी फार दिवस गरज पडणार नाही म्हणा. साहेबांनी काल घरी फोन केला. हिंदुरावांच्या भरपाईच्या बिलावर उद्या सही होतेय, मग सामान परत. इतके महिने कुणाला वेळ नव्हता. शुक्रवारी संध्याकाळी साहेब तासभर शिपायाच्या स्टुलावर बसले, आणि वेळ झाला."

"आणि रोलर? तो अजून त्यांच्या अंगणात आहे म्हणे."

"रोलर आमचा नाही," दिगंबरराव गंभीरपणे म्हणाले. "त्याबाबत खात्याची भूमिका कायम आहे."

आधी ऋषी हसला. मग उत्कर्षाला आवरेना. दिगंबररावांनी दोघांकडे कडक नजरेने पाहिलं, पण त्यांच्या मिशीचं एक टोक हललंच.

"झालं टेबलाचं?" आतापर्यंत गप्प बसलेल्या पूर्णिमाताई म्हणाल्या. "परवापासून हे घरात येरझाऱ्या घालतायत. मला वाटलं, लग्न मोडायचं म्हणतायत की काय. तर म्हणे, 'डगमगतं लिहिलं, डगमगतं लिहिलं.' अहो शालूताई, तुमच्याकडे पंचांग आहे ना? या दोघांचं सोमवारी कोर्टात होईल. मुलांची तारीख आत्ता बघू."

शालूताई उठल्या त्या इतक्या लगबगीने की पोह्यांची बशी कलंडली.

मुहूर्त निघाला. मग रीतीप्रमाणे लग्नाची याद लिहायला घेतली; कुणी काय करायचं, मानपान कुणाचे, जेवणाचा खर्च कसा वाटून घ्यायचा. वैजनाथराव सांगत होते, दिगंबरराव लिहीत होते. 'वऱ्हाडाची उतरण्याची सोय वधूपक्ष करील,' इथे दिगंबरराव थांबले.

"किती माणसांची?"

"येतील तेवढ्यांची."

"असं मोघम नको. पुढे वाद होतात."

"बरोबर आहे," वैजनाथराव मनापासून म्हणाले, आणि दोघं शेजारी सरकून त्या ओळीवर वाकले. पहिलं वाक्य खोडलं, दुसरं लिहिलं, ते दोघांनी दोनदा वाचलं आणि खाडाखोडीशेजारी दोघांनी सह्या केल्या. ऋषीने घड्याळ पाहिलं.

"अजून किती ओळी आहेत, काका?"

"तू गॅलरीत जा," वैजनाथराव मान वर न करता म्हणाले. "वेळ लागेल."

तो गेला. उत्कर्षा बशा गोळा करून आत गेली होती. नळ सुरू झाला. वैजनाथराव क्षणभर सांगणं थांबवून कान देऊन बसले.

"काय झालं?" दिगंबररावांनी विचारलं.

"काही नाही," वैजनाथराव म्हणाले. "पुढचं कलम घ्या."