कानाची कच्ची

डॉक्टरांसमोर गालात सुपारी दाबून बसणारी बाई तुम्ही पाहिली नसेल, तर ती मी. साठी उलटली होती, म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

डावा कान ओला ओला वाटायचा म्हणून गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, “माताजी, चबाते वक्त कुछ होता है क्या?” होत तर होतं. चावलं की कानात टक्! पण सुपारी पकडली जाईल, या धास्तीनं मी ओठ घट्ट मिटून मान हलवली. नाही.

त्यांनी दुर्बीण लावली. कानाच्या वाटेत, पुढच्या बाजूला, गुलाबी गाठ. “तुकडा काढून तपासावा लागेल,” म्हणाले.

घरी येईपर्यंत मी मनानं मेलेच होते. खजरान्याच्या देवळात जाऊन भिंतीवर नवसाचा उलटा स्वस्तिक काढून आले. दुसरं काय करणार? मग बसल्या बसल्या यांना कुकरच्या शिट्ट्या शिकवायला घेतल्या. डाळीला तीन, राजम्याला जास्त. हे मुकाट्यानं मान डोलवत. एरवी माझ्या प्रत्येक वाक्याला फाटे फोडणारा माणूस!

ठरल्या दिवशी तिथे मोठ्या डॉक्टरबाई होत्या, पुण्याकडून नुकत्याच आलेल्या. त्या कानात बघत होत्या आणि भीतीनं माझी टकळी सुरू झाली. बाई एकदम थबकल्या.

“आजी, तोंड मिटा बरं. आता उघडा. परत मिटा.”

मिटलं की गाठ हजर, उघडलं की गायब!

“चावताना कान वाजतो का?”

“वाजतो हो,” म्हटलं, “ती सुपारी...” आणि रडायलाच लागले.

सीटी स्कॅनमध्ये सगळं दिसलं. कानाच्या वाटेच्या हाडात, जबड्याच्या सांध्याकडे, एक भोक. बाई म्हणाल्या, “लहानपणी असतंच ते, मग हाड भरून येतं. तुमचं भरलं नाही. सांध्यामागचा मऊ भाग तिथून कानात डोकावतो. गाठ समजून कापला असता, तर सांध्याला इजा झाली असती.”

म्हणजे हाड कच्चंच राहिलं! कोणी काही सांगितलं की मला खरं वाटायचं, म्हणून सासूबाई जन्मभर म्हणायच्या, ‘सूनबाई कानाची कच्ची.’ त्यांना सीटी स्कॅन लागला नव्हता.

“मग बुजवून टाका की ते!”

“ऑपरेशन असतं, पण एवढ्यासाठी नको. कानात काडी घालू नका, कडक चावू नका. बाकी सोबत राहायचं त्याच्या.”

सुपारी सुटली. आवाज काही सुटला नाही. सराफ्यातल्या खाऊगल्लीत तळलेल्या गराडू-कंदाचा घास घेतला तरी टक्. खिचडीत शेंगदाणा आला तरी टक्. माझंच हाड, माझाच कान, आणि माझं कोणी ऐकत नाही.

परवा जेवता जेवता मी वैतागून यांना म्हटलं, “बघा, वाजलं! परत वाजलं!”

यांनी ताट सरकवलं, आपला कान माझ्या कानाला लावला आणि मला परत एक घास चावायला लावला. मग म्हणाले, “मला काही ऐकू येत नाही गं. तू सांगत जा, मी हो म्हणत जाईन.”