ट्यूनिंगनंतरची पहिली सकाळ
तापलेल्या ब्रेकचा करपट वास आला की मला पेठ नाक्याच्या पुढचा उसाचा रस्ता आठवतो. नवरा रोज कराडहून सांगलीला कामाला जायचा. आमच्या टर्बो गाडीचं त्यानं मलकापूरच्या एका गॅरेजमध्ये ट्यूनिंग करून घेतलं, म्हणजे कॉम्प्युटर लावून इंजिनाची ताकद वाढवली. "आदी ब्रेक आन् टायर चांगलं घाला, ताकद मागनं बी वाढवता येती," असं मेकॅनिक म्हणाला होता, पण नवऱ्याला तेवढा धीर नव्हता. दुसऱ्या दिवशी मीही त्याच्यासोबत निघाले. कोवळं ऊन होतं, पाणी पाजलेल्या रानाचा गारवा काचेतून आत येत होता आणि पुढे उसानं भरलेला ट्रॅक्टर रांगत होता. ओव्हरटेक करायला नवऱ्यानं ॲक्सिलरेटरवर पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, मग गाडी अशी उसळली की माझी पाठ सीटला चिकटली. तेवढ्यात समोरून मोटारसायकल आली. नवऱ्यानं ब्रेक दाबला तरी आमची गाडी घसरतच राहिली, आणि आम्हाला चुकवताना मोटारसायकल शेतात उतरून कलंडली. मोटारसायकलवर मागे बसलेल्या बाईनं लेकराला पोटाशी घट्ट धरलं होतं. नशिबानं कुणाला लागलं नाही. मोटारसायकल चालवणारा माणूस आमच्या काचेपाशी आला, पण ओरडला नाही. "लेकरू हाय रं गाडीवर," एवढंच म्हणाला. नवरा नुसता हात जोडून बसला. ती माणसं गेल्यावर त्यानं गाडी सुरू केली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "पण पिकअप बघितलास?" अजूनही तो सांगलीहून निघाला की मी त्याला फोन करत नाही, चालवता चालवता तो उचलतो.